गोठ्यावरचं तळं

"माझ्या तळ्यात म्हशी कुणी सोडल्या?"

हैबततात्या आमच्या स्टुडिओच्या दारातनंच वरडले. हातात मोबाइल, एका पायात चप्पल, दुसरी जिन्यात सुटलेली. मी खुर्चीतनं न उठता म्हणलं, "म्हशी आमच्या गोठ्यातच हायेत, तात्या. तुमचं तळं आमच्या गोठ्यात घुसलंय."

"तोंड सांभाळ, कैल्या. तळं गिऱ्हाइकाला दाखवलेलं हाय."

"दाखवलंय. पण हाय कुटं?"

"दाखवलं म्हंजी हायच," तात्या म्हणले आन् दिशामॅडमच्या खुर्चीत जाऊन बसले.

आता हे कुणाला कळायचं न्हाई, म्हणून नीट सांगतो. हैबततात्या माझे चुलत चुलते. कासार आंबोलीच्या माळावर त्यांची जमीन हाय, तिचे त्यांनी बंगल्याचे प्लॉट पाडले. पण माळाच्या बरोबर मधी आमची एक पट्टी हाय आन् तिच्यावर माझ्या आईचा गोठा. तात्यांनी आईला लई समजावलं. बंगले येतील, गाड्या येतील, शोभतं का असं मधी. आई धार काढता काढता समदं ऐकत बसली आन् शेवटी म्हणली, "दूध न्यायचं असंल तर किटली आणा, भावजी."

मग तात्या दिशामॅडमकडं आले. मॅडम कोथरूडच्या. तात्यांच्याच बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं घेऊन तितं स्टुडिओ चालवत्यात. काम कंपोझिटिंगचं. म्हंजी एका चित्रावर दुसरं चित्र असं बसवायचं का जोड दिसता कामा न्हाई. परदेशातल्या पिक्चरचा हिरो हवेत उडतो ना, त्याच्या कमरेची तार मी कासार आंबोलीत बसून पुसतो. मी धावीत शाळा सोडली. शाळा म्हणती, तिनं मला सोडलं. ते आमचं अजून मिटलं न्हाई.

ड्रोननं प्लॉटचा व्हिडिओ काढला तर मधोमध आमचा गोठा. पत्र्यावर वैरण, दारात रेडकू. तात्या म्हणले, झाका. मॅडम म्हणल्या, कशानं? तात्यांनी लांब धरणाकडं बघितलं आन् म्हणले, पाण्यानं. काम माझ्याकडं आलं. मला वाटलं, जेसीबीखाली जाण्यापरीस गोठा पाण्याखाली गेलेला बरा. मी मस्त तळं केलं. लाटा, लाटांवर आभाळ. बदकं मॅडमनी वरनं दिली. तात्यांनी योजनेला नाव दिलं 'तलावदर्शन' आन् प्लॉट असे खपले का तात्यांनाबी दम लागला. इकडं आई रोज त्या तळ्याच्या बुडाशी बसून धार काढत व्हती, दूध लवळ्याच्या कॉलेजच्या कँटीनला जात व्हतं, पोरं चहा पीत व्हती. कुणाचं काय अडलं न्हवतं.

मग सॉफ्टवेअरचा अपडेट आला.

त्यात लिहिलं व्हतं, मॅडमनी मराठीत वाचून दाखवलं: किरकोळ देखभाल, सामान्य वापरकर्त्याला कोणताही फरक जाणवणार नाही. खाली बारीक अक्षरात: जुन्या आवृत्तीत थरांचा क्रम काही वेळा चुकत असे, तो आता योग्य करण्यात आला आहे. वर काय आन् खाली काय हे लांबच्या कंपनीला कासार आंबोलीबद्दल कसं कळलं, ते तिलाच ठाऊक. त्याच दिवशी तात्यांना व्हिडिओखाली 'थोडेच प्लॉट शिल्लक' अशी पट्टी पायजे व्हती. मॅडमनी पट्टी टाकली, नव्या सॉफ्टवेअरमधनं व्हिडिओ परत काढला आन् न बघता गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर सोडून दिला. किरकोळला कोण बघतंय?

निळंशार तळं. तळ्याच्या मधोमध आमचा गोठा. आमच्या चार म्हशी पाण्यावर उभ्या राहून रवंथ करत्यात आन् बदकं त्यांच्याभवती पोहत्यात.

तात्या गेल्यावर मॅडमनी सॉफ्टवेअरच्या कंपनीला मेल टाकला. उत्तर लगीच आलं, लई अदबीनं. आम्ही आपले चित्र तपासले. म्हशी पाण्याच्या वर व्यवस्थित बसल्या आहेत, कडा स्वच्छ आहेत, दोष आढळला नाही. तळे मुळात नसल्यास कृपया तळे पुरवणाऱ्याशी संपर्क साधावा.

"तळं पुरवणारा तूच ना?" मॅडम म्हणल्या. मी माउस आपटला. फुटलेला तो तिसरा.

ग्रुपमधी ऋतिकामॅडम व्हत्या, हिंजवडीत कंपनीत मोठ्या जागेवर, तलावदर्शनात कोपऱ्याचा प्लॉट. त्यांनी जुना व्हिडिओ बघितला, नवा बघितला आन् सरकारच्या पोर्टलवर तक्रार ठोकली. जुन्या व्हिडिओत तळं रिकामं, नव्या व्हिडिओत तळ्यात पक्का गोठा, म्हंजी मधल्या काळात कुणीतरी जलाशयात अतिक्रमण केलं. पुरावे दोन, जोडले हायेत. तुमीच सांगा, चूक कुटं काढायची?

तक्रार तलाठी भाऊसाहेबांकडं आली. अभय भाऊसाहेब. माणूस गरीब, शर्ट इस्त्रीचा, गाडीवरनं उतरले का आदी पँटची धूळ झटकणार. ते गोठ्यासमोर उभे राहिले. एकदा मोबाइलमधी बघितलं, एकदा गोठ्याकडं.

आई म्हणली, "भाऊसाहेब, तळं दिसतंय का हितं?"

"बाई, मला काय दिसतंय हा विषय नाही. तक्रारीत तळं आहे."

"तळं असतं तर मी टँकरच्या मागं कशाला पळाले असते?"

"ते पाणीपुरवठ्याचं. तो वेगळा विभाग."

"बरं. मग ह्या तळ्यातनं मोटार लावून पाणी घेऊ का?"

भाऊसाहेबांनी खरंच विचार केला. "त्यासाठी स्वतंत्र अर्ज लागेल," ते म्हणले. "पण अतिक्रमण करणाऱ्याला परवानगी मिळत नाही."

मी मधी पडलो. म्हणलं, भाऊसाहेब, तळं मी केलंय, ह्या हातानं, आठवडा लागला. भाऊसाहेब मागं सरकले. "तळं तू खोदलंस? परवाना होता?"

नोटीस आली. श्रीमती शुभांगी यांनी तळ्याच्या पात्रात उभारलेला अनधिकृत गोठा स्वखर्चाने हटवावा, अन्यथा प्रशासन हटवील. आईनं ती माझ्याकडनं वाचून घेतली आन् म्हणली, "तुला म्हणलं व्हतं, दुसऱ्याच्या गोठ्यावर पाणी सोड."

रागात माझं डोकं बरं चालतं. मी स्टुडिओत गेलो. थर उलटे करून चालंना, अपडेट परत जागेवर आणी. मग एकेक चित्र हातानं घासलं. गोठा पुसला, म्हशी पुसल्या, एका म्हशीची शेपटी लई वेळ ऱ्हायली, ती बदकाच्या मागं लपवली. तळं परत रिकामं. नवा व्हिडिओ ग्रुपवर गेला. ऋतिकामॅडमनी अंगठा दाखवला. तात्यांनी दोन हात जोडले. भाऊसाहेबांना तर हायसंच वाटलं. त्यांनी तो व्हिडिओ फाइलला जोडला आन् शेरा मारला: अतिक्रमण हटविण्यात आले, तळे पूर्ववत. तक्रार निकाली.

मी घरी जाऊन आईला म्हणलं, "वाचला गोठा."

"कुणापास्नं?" आईनं इचारलं. तवा मला ते बोलणं वाईट वाटलं. आता वाटत न्हाई.

आदी लाइटवाले आले. मीटर काढाया. कागदावर हितं पाणी हाय, पाण्यात मीटर म्हंजी जिवाला धोका. आईनं त्यांना चहा दिला, चहा पिऊन त्यांनी मीटर काढलं आन् जाताना सांभाळून ऱ्हावा म्हणले. मग जनावरांचे डॉक्टर लस टोचाया आले. त्यांच्या मोबाइलमधल्या नकाशात ह्या जागेवर निळा रंग. ते म्हणले, मला हितं म्हशी दाखवता येत न्हाईत, मासे असतील तर सांगा. मी म्हणलं, मासे टोचता का? ते म्हणले, तो विभाग वेगळा.

प्लॉटवाल्यांनी मिटिंग घेतली. तळं हाय तर सुरक्षा पायजे. त्यांनी रंगीत बोर्ड करून आणले: खोल पाणी, पोहण्यास सक्त मनाई. पण बोर्ड ठोकायला माळावर एकबी भिंत न्हाई. मग ते आमच्याच गोठ्याच्या भिंतीला ठोकले. आई आता 'खोल पाणी' खाली बसून धार काढती. एका रिटायर काकांनी तर लाइफ जॅकेट आणून दिलं, नारिंगी. "घालत जा हो बाई, उगाच काही व्हायला नको," असं पोटातनं म्हणले. काकांच्या पायापुढं शेण व्हतं, त्यांनी तेबी सांभाळून वलांडलं. म्हंजी दिसत व्हतं त्यांना. आईनं जॅकेट रेडकाला घातलं, गारठ्यासाठी.

रविवारी सगळे तलाव बघाया आले. मी मुद्दाम गोठ्याच्या दारात उभा ऱ्हायलो. म्हणलं आता समोर हाय, आता तरी बोलतील. ऋतिकामॅडमनी गोठा बघितला, म्हैस बघितली, म्हैशीनंबी त्यांना बघितलं. मग त्या मोबाइलकडं बघून नवऱ्याला म्हणल्या, "तलाव फेज टूमध्ये असेल रे." सगळ्यांनी गोठ्याकडं पाठ करून फोटो काढले आन् दिशामॅडमना पाठवले, मागं तळं टाकून द्या. ते कामबी माझ्याकडंच आलं. दिवसभर मी लोकांच्या खांद्यामागनं आमच्या म्हशी काढत व्हतो.

इथपर्यंत चाललं असतं. पण भाऊसाहेबांच्या शेऱ्याची वरच्या कार्यालयानं दखल घेतली. इतक्या झटपट, एक रुपया खर्च न करता, तळं मोकळं केलेलं अख्ख्या जिल्ह्यात दुसरं न्हाई. 'आदर्श जलाशय' म्हणून नाव पुढं गेलं. मोठे साहेब स्वतः येणार, नारळ फोडणार, बदकं बघणार.

भाऊसाहेब आमच्याकडं आले तवा त्यांनी पँट झटकली न्हाई. बाजेवर बसले. आईनं पाणी दिलं, ते त्यांनी धरूनच ठेवलं.

"शुभांगीताई, माझी बदली होईल. नुसती बदली नाही, नोकरीच जाईल. मी लिहून दिलंय, गोठा हटवला म्हणून."

"मग लिवा, चुकून लिवलं."

"सरकारी कागदावर चूक नसते, ताई. फार तर जागेवर असते." त्यांचा आवाज खाली गेला. "कागद बदलायचा तर सात सह्या. जागा बदलायची तर एक जेसीबी."

"आन् तळं?"

"त्याच जेसीबीनं. हैबतराव टँकर देतो म्हणालेत."

आईनं गोठ्याकडं बघितलं. मग म्हणली, "चार म्हशी हायेत, भाऊसाहेब. त्यांना पवता येतं. पण किती वेळ?"

भाऊसाहेब रडाया आले. मला त्यांचा राग येईना, त्याचाच जास्त राग आला. मी मोबाइल काढला, गोठ्याच्या चारी बाजूंनी फिरलो, म्हशी, गव्हाण, शेणाचा ढीग, आई, सगळं एका दमात घेतलं, काय कापलं न्हाई, काय जोडलं न्हाई. म्हणलं, हे वर पाठवा. भाऊसाहेबांनी बघितलं आन् परत दिलं.

"चांगलं केलंयस. पण तू त्या स्टुडिओतला ना? तुझ्या व्हिडिओवर कोण विश्वास ठेवणार?"

"तळं तर माझंच व्हतं की. त्याच्यावर ठेवला."

"त्याच्यावर तुझं नाव नव्हतं," भाऊसाहेब म्हणले.

ग्रुपवरबी टाकला. काकांनी लिहिलं, आजकाल काय काय बनवतात पोरं, म्हैस अगदी खरी वाटते. ऋतिकामॅडमनी लिहिलं, कडा नीट नाहीत, लगेच कळतं. दिशामॅडम म्हणल्या, नवा अपडेट येतोय, किरकोळच हाय, बघू काय व्हतंय. तात्या तर दोन दिवस झाले, फोनच उचलत न्हाईत.

म्हणून हे लिहितोय. लिहिलेल्याला थर नसतात असं मला वाटलं. गोठा फाट्यापास्नं दिसतो, पत्र्याचा, भिंतीला 'खोल पाणी'. कुणीतरी नुसतं यायचं, मोबाइल खिशात ठेवायचा, हाताच्या अंतरावरनं म्हैस बघायची आन् भाऊसाहेबांना सांगायचं, म्हैस हाय. एवढंच. काल पौडात दोघांतिघांना सांगून बघितलं. सगळे म्हणले, वाईट झालं रे, आदी व्हिडिओ टाक, मग बघतो. तुमीबी त्येच म्हणणार, तुमचा अंगठा कुटवर आलाय ते मला हितनं दिसतंय.

फाट्यावर पिवळं कायतरी वळलं. मागं तात्यांचा टँकर हाय. आईनं म्हशी सोडल्यात. मला आता जायला पायजे.