कुकरचं नाव गाळलं त्याची गोष्ट

कथेतल्या कुकरला कंपनीचं नाव द्यावं, असं मी ठरवलं आणि तिथून माझी झोप गेली.

मी उद्धव. अकोल्याच्या एका कॉलेजात क्लार्क आहे. (बढती येत्या वर्षी आहे. गेली काही वर्षं ती येत्या वर्षीच आहे.) यंदा वामनरावांनी त्यांच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे विनोदी कथा मागितली. मी लिहिली. नवरा वरण लावतो, कुकर फुटतो, वरण छताला जाऊन चिकटतं, अशी साधी घरगुती कथा. कुकर खराखुरा वाटावा म्हणून आमच्याच कुकरच्या कंपनीचं नाव टाकलं. मागं रेडिओवर एक गाणं ठेवलं, त्याच्या दोन ओळीही दिल्या. शेवटी नायकाच्या तोंडी संसारावरचं एक थोर वाक्य घातलं.

वामनरावांनी कथा घेतली आणि म्हणाले, "कायदेशीर भानगड झाली तर जबाबदारी लेखकाची. तसं लिहून द्या."

मी घाबरलो. माझा मेहुणा सौमित्र अमरावतीला वकील आहे. रविवारी त्याला फोन लावला. बायको, म्हणजे रमा, गच्चीवर कपडे वाळत घालायला जाता जाता म्हणाली, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." मी मान हलवली आणि सौमित्रला कथा वाचून दाखवली.

"भाऊजी, कंपनीचं नाव काहून लिहिलं?"

"नाव घेणं गुन्हा आहे का?"

"नुसतं घेतलं तर नाई. तुमी त्यांचा कुकर फोडला ना. उद्या बदनामी झाली म्हणतीन."

"बरं, काढतो. आणि गाणं?"

"त्याचे हक्क कोणाकडं आहेत, माहीत आहे?"

"नाही."

"मग काढा. आता ते थोर वाक्य कोणाचं?"

"नक्की सांगता येत नाही. मोबाईलवर तीन वेगवेगळ्या थोर माणसांच्या फोटोखाली आलं होतं."

"मग तिघांच्या वारसांले विचारा," सौमित्र म्हणाला. त्याच्या आवाजात अजिबात विनोद नव्हता.

मी नावं खोडत गेलो. आता कथेत एका कंपनीच्या कुकरमध्ये एका दुकानाची डाळ शिजत होती आणि एक गायक एक गाणं म्हणत होता. सगळी कथा पोलिसांनी लिहिल्यासारखी झाली होती. तेवढ्यात जळका वास आला. रमा गच्चीवरून खाली आली, तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडं पाहिलं.

"कुकर तीन शिट्ट्यांत समजावून सांगते," ती म्हणाली. "तुमाले समजाले किती शिट्ट्या द्याव्या लागतीन?"

मी मान खाली घातली. (त्याच मानेनं पटकन ते वाक्य कागदावर उतरवलं.) थोर वाक्याच्या जागी ते इतकं चपखल बसलं, की मला तिची बाकीची बोलणी आठवू लागली. 'तुमी गप्प बसता तेव्हा विचार नाई करत, नुसते गप्प बसता,' हे गाण्याच्या जागी बसलं. बायकोच्या बोलण्यावर कंपनीचा हक्क नसतो. कथा गच्च भरली आणि मी निर्धास्त झालो.

अंक निघाला. शेजारच्या बेबीताई वाटीत संत्र्याचा मुरंबा घेऊन आल्या आणि रमाला म्हणाल्या, "भाऊचं डोकं काय चालते वं. ते शिट्टीचं वाक्य मी माह्या मालकाले दोनदा ऐकवलं."

रमानं आधी मुरंबा घेतला, मग अंक मागितला. तिनं कथा बसून वाचली.

"हे माह्यं वाक्य आहे," ती म्हणाली. पान उलटलं. "हेही माह्यंच."

"तुला राग आला का?"

"राग नाई आला. मी फक्त लक्षात ठेवून राहिली."

(हेही वाक्य चांगलं होतं. पण मी कागद घ्यायला उठलो नाही. तेवढी अक्कल आली होती.)

मी बाहेर ओट्यावर जाऊन सौमित्रला फोन लावला. बराच वेळ तो बिझी लागत होता.

"तोंडी बोलण्याचं तसं अवघड असते," तो म्हणाला. "ती बोलली, त्याले पुरावा लागते."

"म्हणजे मी सुटलो?"

"कायद्यातून सुटल्यासारखेच समजा. पण ताईचा आताच फोन येऊन गेला. ती आता माह्यी पक्षकार आहे. मले तुमच्याशी याच्यावर जास्त बोलता येणार नाई."

मी आत आलो. रमा लाल पेन घेऊन बसली होती आणि कथेतली आपली वाक्यं अधोरेखित करत होती. पानं लालेलाल दिसू लागली. मी दमून खुर्चीत बसलो आणि विचारलं, "यात माझं काही आहे का?"

तिनं प्रामाणिकपणे सगळी पानं पुन्हा चाळली. एका ओळीवर बोट ठेवलं. 'यावर तो काहीच बोलला नाही.'

"हे तुमचं," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. एक तर एक, पण स्वतःचं. ती अंक मिटून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला. मग तिचा आवाज आला.

"पण त्याले गप्प कोणी केलं होतं?"

ती पेन घेऊन परत आली.