चालण्याजोगं गाव

माणूस बाँबला भिऊन शहर सोडत नाही. शेजाऱ्यानं आधी सोडलं म्हणून सोडतो. सरकारी पत्रकांत हे सत्य कुठे छापलेलं नव्हतं. त्यांत वाळूच्या बादल्या होत्या, काळे पडदे होते, आणि भोंगा वाजल्यावर जिन्याखाली कसं बसावं याची चित्रं होती. ती पत्रकं चाळीत मीच मोठ्यांदा वाचून दाखवत असे, कारण माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत झालं आहे आणि आमच्या मजल्यावर दुसऱ्या कुठल्या बाईचं तेवढंही नव्हतं. (तिसरीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, याबद्दल दोन मतं आहेत. दुसरं मत मास्तरांचं. ते आता हयात नाहीत.) सदर वाचनामुळे माझ्या भाषेला थोडं सरकारी वळण लागलं आहे. त्याबद्दल क्षमा मागायचं कारण मला दिसत नाही.

एकोणीसशे बेचाळीसच्या फाल्गुनात भायखळ्याच्या आमच्या चाळीची स्थिती येणेप्रमाणे होती. एकूण खोल्या चौसष्ट. पैकी कुलूप लागलेल्या सदतीस. उरलेल्यांत माझ्याशी बोलणं असलेल्या बायका चार, त्यांतल्या दोघींना ऐकू कमी येई. इतक्या थोड्या बायकांवर शहर चालत नाही.

माझा मुलगा चंदर गोदीत कामाला, त्याला मुंबई सोडता येण्यासारखी नव्हती. तो म्हणाला, "आये, तू आणि काशी भिवंडीला जा." काशी ही माझी सून आणि भिवंडी तिचं माहेर. तिथं माझी विहीण कमळाबाई राहते. माडीचं घर, दारात विहीर. तिचा निरोप आधीच आला होता, की विहीणबाईंसाठी माडीवरची खोली झाडून ठेवली आहे, त्यांनी नुसतं बसून राहावं.

येथे खुलासा करणं आवश्यक आहे. लग्नात कमळाबाईनं मला दिलेलं मानाचं लुगडं, काठ दोन बोटं अरुंद म्हणून, मी भर मांडवात परत केलं होतं. तेव्हापासून अकरा वर्षं ती माझ्या दारात आली की वाकून नमस्कार करते, आणि मी जरा उशिरानं "राहू दे" म्हणते. आता तिच्या माडीवर बसून तिच्या हातचं खायचं, आणि वाढताना तिनं म्हणायचं, "घ्या हो विहीणबाई, संकोच करू नका." त्यापेक्षा बाँब बरा. तो एकदाच पडतो.

"माझं गाव मी निवडीन," मी म्हटलं.

"निवड," चंदर म्हणाला. "पन तिथं सगळं तुझ्या पायानं जमलं पायजे. तुझे गुडघे मला ठावं हायत. चैतात मी बघायला येईन. नाय जमलं, तर गपगुमान भिवंडी."

"जमेल."

काशी मोरीत भांडी घासत होती. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं काही कारणही नव्हतं.

सबब मी एक कमिटी नेमली. अध्यक्ष मी, सभासद मी. गुडघ्यांचं मत विरुद्ध पडलं, ते नोंदवून घेतलं नाही. चालण्याजोगं म्हणजे काय, हे कमिटीनं प्रथम ठरवलं. चुलीवर दूध ठेवून बाहेर पडावं, काम उरकावं, आणि दूध वर यायच्या आत परत यावं. एवढ्या टप्प्यात जे येईल ते चालण्याजोगं. चाळीत माझं सगळं आयुष्य या टप्प्यात बसत असे. नळ अठरा पावलं. मारुती एकशेदहा. दळणाची चक्की दोनशे. भाजीवाली शून्य, कारण ती स्वतः येई. गेल्या अकरा वर्षांत माझं दूध एकदाही उतू गेलं नव्हतं. (त्याआधी जात असे. तेव्हाचा गवळी बरा नव्हता.)

पहिली पाहणी शहापूरची. गाव उत्तम, पेठ सरळ, हवा कोरडी. पेठेत शिरते तोच आमच्या खालच्या मजल्यावरची धोंडूबाई एका ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली दिसली. "या गुणाबाई," ती म्हणाली, "तुमीपण घाबरलात का?" शहापूर नापास.

दुसरी पाहणी मुरबाडची. मुरबाडात सगळं चालण्याजोगं आहे. फक्त मुरबाडला चालत जाता येत नाही. कल्याणहून कोळशाच्या धुरावरची मोटार जाते. चढ आला की ती थांबते आणि उतारूंनी उतरून चालायचं असतं. (म्हणजे तीही काही अंशी चालण्याजोगी.) पण पेठेत जागा मिळेना. माझ्याआधी अर्धी मुंबई तिथं उतरली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की आपण हवापालटाला आलो आहोत.

तिथं मला महादू भेटला. धसईचा शेतकरी, तांदूळ घेऊन मुरबाडला आलेला. घराचा अर्धा भाग रिकामा आहे म्हणाला. मी कमिटीच्या वतीनं प्रश्न विचारले.

"पाणी किती लांब?"

"लांब कुठलं, आजी. हाकंवर हाय."

"वाणी?"

"तो पन हाकंवर. बाजार जरासा पुढं, दीड हाक."

"आणि वैद्य?"

महादूनं थोडा विचार केला. "वैद दोन हाका. वारा समोरचा नसला तर."

वाऱ्याचा आणि वैद्याचा संबंध त्या वेळी माझ्या ध्यानात आला नाही. हिशेब मात्र चोख होता. चाळीत मी जिन्यात उभी राहून हाक मारली की ती चाळीस पावलांवर विरते. पुढं ट्रामचा खडखडाट. म्हणजे एक हाक बरोबर चाळीस पावलं. पाणी एक, वाणी एक, बाजार दीड, वैद्य दोन. एकूण साडेपाच हाका, म्हणजे दोनशेवीस पावलं. अख्खं गाव माझ्या दुधाच्या आत. चंदरनं ही बेरीज दोनदा बोटांवर करून बघितली. त्याला चूक सापडली नाही, कारण बेरजेत चूक नव्हतीच.

धसईला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी महादूच्या बायकोला, भागीला, विचारलं, "पाणी कुठाय गो?"

भागी अंगणाच्या टोकाला गेली. तळहात तोंडाशी धरून समोरच्या टेकडीकडे बघत तिनं हाक सोडली, "रंगू गोऽऽऽ." हाक शेतांवरून गेली, ओढा ओलांडून गेली. पलीकडच्या उतारावर एक तांबडा ठिपका वाकला होता तो सरळ झाला, आणि बऱ्याच वेळानं तिकडून आलं, "ओऽऽऽ."

"तिथं," भागी म्हणाली. "विहीर तिथं हाय."

त्यानंतर कमिटीनं मोजमापाचं कोष्टक दुरुस्त केलं ते असं. सकाळची हाक, वारा मागून असताना, सोळाशे पावलं. दुपारची बाराशे, कारण मारणाराही दमलेला असतो. डोंगराकडे मारलेली हाक आपटून परत येते, तिची लांबी दुप्पट धरावी की शून्य, यावर निर्णय झाला नाही. वैद्याची हाक मोजता आली नाही; वारा समोरचा होता. सर्व आकडे उताराचे आहेत. चढाचे मोजायची वेळ आली तेव्हा मी बसले होते.

महादूनं मला फसवलं, असं कुणी समजू नये. मी भागीला जाब विचारला तेव्हा ती माझ्याकडे नवलानं बघत राहिली. "आजी, जायाचं कशाला? हाक मारली का येतंच कोनतरी." या लोकांत जवळ म्हणजे पाय पोचतो ते नव्हे, आवाज पोचतो ते. पद्धत सोयीची होती. फक्त माझा आवाज पोचत नव्हता. चाळीत जो तीन मजले जाई, तो इथं कुडाच्या बाहेर पडेना.

"तुमी वरडताय, आजी," भागी म्हणाली. "शिवी आखूड आसते. हाक लांब सोडायची. आणि सोडल्यावर जराशी थांबायची."

थांबायची मला सवय नव्हती. तरी आठ दिवसांत शिकले. नवव्या दिवशी माझी हाक थेट विहिरीपर्यंत गेली. तिथं काशी पाणी भरत होती, तिनं "ओऽऽ" दिलं. मग मी म्हटलं, काशीऽऽ, येताना वाण्याकडून मीठ आण. मीठ आलं. दुसऱ्या दिवशी बाजार आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी वैद्याकडचं गुडघ्यांचं तेल आलं. पाणी, वाणी, बाजार, वैद्य, सगळं मिळून एकाच हाकेत बसलं. गाव अपेक्षेपेक्षा जवळ असल्याची नोंद कमिटीनं समाधानपूर्वक केली.

चैत्रात विहीर आटली आणि पाणी ओढ्याच्या पात्रात, पार खालच्या अंगाला खणलेल्या झिऱ्यावर गेलं. त्यामुळे हाक थोडी वाढली. मला विशेष जाणवलं नाही.

ठरल्याप्रमाणे चंदर आला. मी पूर्वतयारी केली होती. पाय ओले करून त्यांना अंगणातली माती लावली होती आणि रिकामी कळशी मांडीशी घेऊन, आत्ताच आल्यासारखी, ओटीवर बसले होते. चंदरनं पाय बघितले. मग गुडघे बघितले.

"चल आये, पानी आनू. तू पुढं हो. मी मागनं येतो."

त्या क्षणी मला कमळाबाईच्या माडीचा जिना दिसला. मी उठले. अंगण पार केलं. पहिला बांध पार केला. दुसऱ्या बांधावर निसर्ग बघायला म्हणून बसले. चंदर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. कापलेल्या शेतात बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न त्याच्या तोंडावर लिहिलेला होता.

तेवढ्यात समोरून काशी चढ चढत आली. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी. चंदरनं तिला थांबवलं.

"काशी, खरं सांग. इथं चालतंय का? का भिवंडीला जायचं?"

तिनं नाही म्हटलं असतं तर संध्याकाळी ती माहेरी असती. दारात विहीर, घरात आई, टाचांच्या भेगांना कोकम तेल. माझं अकरा वर्षांचं सगळं तिच्या तोंडात होतं, आणि ते तोंड मी कधी नीट बघितलं नव्हतं. मी बांधावरून तिच्याकडे बघायचं टाळलं.

काशीनं कळशी खाली ठेवली, पदरानं मान पुसली.

"चालतंय," ती म्हणाली.

"रोज?" त्यानं माझ्या मातीच्या पायांकडे बघत विचारलं.

"रोज. सकाळच्या तीन खेपा, सांजच्या दोन."

चंदर माझ्याकडे वळला. एवढ्या आदरानं त्यानं माझ्याकडे लहानपणानंतर कधी बघितलं नव्हतं. "आये, पाच खेपा?"

"सांगत फिरायची मला सवय नाही," मी म्हटलं.

तो दुपारच्या मोटारीनं परत गेला. भिवंडी टळली. कमळाबाईला निरोप गेला की विहीणबाई दिवसाला पाच खेपा पाणी आणतात, आणि तिनं तो ऐकून नमस्कार केला म्हणतात; या वेळी मी हजर नसल्यानं "राहू दे" म्हणायचं राहिलं.

गाडीची धूळ खाली बसल्यावर मी काशीला विचारलं, "खोटं का बोललीस गो?"

"खोटं कुठं, आत्याबाय? ते म्हनाले चालतंय का. मी चालते, तेच सांगितलं."

"आणि माहेर सोडून इथं पाणी वाहायचं?"

तिनं हंडा उचलून डोक्यावर ठेवला. "भिवंडीला खालनं आई हाक मारील, वरनं तुमी माराल. इथं एकच हाय."

ती आत गेली. मी तिच्या मागून गेले. चुलीवर दूध वर येत होतं. ती पाठमोरी होती, हंडा उतरवत होती. वळून न बघता तिनं एक हात मागं केला आणि पदरानं भांडं उतरवलं. तेव्हा मला गेल्या अकरा वर्षांचे सगळे आकडे पुन्हा मांडावे लागले. नळाची अठरा पावलं बरोबरच होती. चक्कीची दोनशेही. पावलं कुणाची, हा रकाना कमिटीनं आखलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी सुधारणा हाती घेतली. लहान कळशी घेऊन निघाले. पहिल्या दिवशी दुसऱ्या बांधापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठापर्यंत. तिसऱ्या दिवशी झिऱ्यावर पोचले, पाणी भरलं, ऊन डोक्यावर आलं, आणि मी हाक मारली. काशी आली. तिनं कळशी घेतली आणि मला घेतलं. सुधारणेचा एकूण कालावधी: अडीच दिवस. हल्ली मी दुधाजवळ बसते. उतू जातं, पण बसते.

मुंबईहून ओळखीच्या बायकांची कार्डं येतात. गाव कसं आहे, चालण्याजोगं आहे का, पाणी लांब तर नाही ना. मी सर्वांना एकच उत्तर टाकते: सगळं एका हाकेवर आहे, येताना सून सोबत आणावी. आजवर एकीनंही त्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ विचारलेला नाही.

आपणही नाही विचारणार. आपलं घर तर सगळ्यांत चालण्याजोगं आहे. हे वाचताना आपण टेकून बसला असाल, हाताशी पाण्याचा भरलेला तांब्या असेल. तो तिथवर किती पावलं चालत आला, ते आपल्याला ठाऊक नसेल. घरात कुणाला तरी असेल. विचारून घ्या. मात्र बसल्या जागेवरून हाक मारून नव्हे.