काळजीचा पुरावा

अठ्ठ्याहत्तर सालच्या कॉलऱ्याच्या साथीत आखातातल्या सित्रा बेटावरच्या आमच्या कंपनीने कामगारांच्या मनाची काळजी घ्यायचे ठरवले. परिपत्रक मीच टाइप केले. 'जे कर्मचारी साथीमुळे चिंताग्रस्त असतील, त्यांना पंधरा दिवसांची रजा देऊन घरी पाठवण्यात येईल. अर्जासोबत चिंतेचा पुरावा जोडावा.'

पहिला अर्ज संगमेश्वरकडच्या तुकाराम वेल्डरचा. महिनाभर त्याला झोप नव्हती. साबणाने धुऊन धुऊन हातांची सालं निघाली होती आणि जेवणाचा डबा तो उघडून तसाच बंद करी. गावी बायको रंभा पहिलटकरीण, आठवा महिना. आपण इथेच मरणार आणि मूल बघायचं राहणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

वेल्फेअर ऑफिसर चंद्रशेखर दामले पुण्याचे, अत्यंत न्यायप्रिय. त्यांनी पुरावा तपासला. सोललेले हात हा स्वच्छतेचा पुरावा ठरला. न जेवणे ही मेसबद्दलची तक्रार. ती दुसऱ्या खिडकीवर. त्याला रडताना पाहणारे साक्षीदार स्वतःही रडत असल्यामुळे बाद झाले.

"माणूस खरं बोलतो ते घरच्यांशी," दामले म्हणाले. "घरी काय कळवलंत ते आणा."

तुकारामने रंभासाठी एक कॅसेट भरून ठेवली होती. गावी निघालेल्या गुंडूबरोबर ती जायची होती. ती ऑफिसच्या टेपवर लागली.

"रंभे, मी मजेत हाय. वजन वाढलंय माजं. साथबीथ काय नाय हितं. तू काळजी करू नको."

दामल्यांनी टेप बंद केला. "तुम्ही तर मजेत आहात."

"आवं साहेब, घरी कोन खरं सांगतं? धसका घेईल ती."

"म्हणजे बायकोशी खोटं बोललात?"

"व्हय."

"हरकत नाही. तसं लेखी द्या. एक प्रत फायलीला, एक तुमच्या पत्नीला. दोन्हीकडे मजकूर एकच झाला की रजा मंजूर."

तुकारामने कोरा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मला फार वाटलं, उठावं आणि म्हणावं, साहेब, जाऊ द्या त्याला. पण सगळ्यांसारखा माझा पासपोर्टही दामल्यांच्याच कपाटात कुलूपबंद होता. मी टाइपरायटरची रिबन सारखी करत राहिलो.

"खलास, साहेब," तो शेवटी म्हणाला. "लिवा, मी मजेत हाय."

हे कळताच उरलेल्या एकशे बारा जणांनीही अर्ज मागे घेतले. साथीत चिंताग्रस्तांची संख्या शून्य, असा अहवाल गेला. कॅसेट आदर्श म्हणून फायलीला लागली, त्यामुळे रंभाला ती मिळाली नाही. कॅसेटची नक्कल मात्र रोज सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाजू लागली. साठ माणसं मुकाट्याने "रंभे, मी मजेत हाय" ऐकत कामावर जात. तुकाराम मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसे.

त्याच आठवड्यात मी आईला पत्र लिहिलं. मला दोन दिवस जुलाब होत होते आणि भीतीने हात थरथरत होता. तरी 'इकडे सर्व कुशल, काळजी नसावी' ही ओळ अगदी वळणदार उमटली. घरी शेवटचं पत्र लिहिताना तुमचीही तशीच उमटली असेल. एक प्रत आमच्या फायलीला पाठवा.