सिंहासनयंत्र विझविल्याची हकीकत

श्री.

विजेचा प्रवाह अखंड राहो, तारांस उंदीर न लागोत, आणि वाचणारास मध्येच जांभई आली तर ती देऊन त्याने पुढे वाचावे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका राज्यात किडा शिरला, आणि तो कसा पसरला आणि कसा आवरला, त्याचे वर्तमान ऐसे.

राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. गड पुष्कळ, गडोगडी संगणक मांडलेले, त्यांस यंत्रे म्हणत, आणि सर्व यंत्रे तारांच्या जाळ्याने एकमेकांस जोडलेली, आणि जाळ्याच्या मध्यभागी दरबारात एक थोर यंत्र, त्यास सिंहासनयंत्र म्हणत. थोरल्या महाराजांनी राज्याभिषेकाचे दिवशी ते आपल्या हाते सुरू केले आणि आज्ञा केली की हे यंत्र कधी विझवू नये, हे जागे तोवर गादी जागी. आणि दुसरी आज्ञा केली की रोज सूर्योदयास राज्यातील प्रत्येक यंत्राने आपला दरवाजा उघडून सिंहासनयंत्रास मुजरा घालावा, जे चुकवील ते बंडखोर समजावे. मग थोरले महाराज कैलासवासी जाहले, धाकटे श्रीमंत गादीवर आले, आणि यंत्र मात्र तेच, अंगावर हळदीकुंकवाचा थर, मागच्या पंख्यात निर्माल्य अडकलेले, रात्रंदिवस घरघरत जागे.

या जाळ्याचा कारभार म्हाळसाबाई जाळेनीस यांजकडे होता. बाई पन्नाशीच्या, डोळे ओढलेले, बोलणे थोडके. राज्यात कोठेही पडदा काळा जाहला की बाईंस बोलावणे येई, आणि बाई जात, आणि बहुत करून तार निसटलेली असे, आणि बाई ती बसवीत आणि परत येत. यंत्रे घडविणारे कारागीर परमुलखी असत, त्यांस आपल्याच कामात भोके सापडत, मग ते ती बुजविण्यास दर महिन्यास डागडुजी पाठवीत. परंतु डागडुजी बसवावी तर यंत्र एकदा विझवून पुन्हा सुरू करावे लागे. गडकऱ्यांस पडद्यावर प्रश्न येई, आता की नंतर, आणि गडकरी जेवायचे आहे, पाहुणे आले आहेत, आज अमावास्या आहे, ऐसे काहीबाही मनाशी म्हणून 'नंतर' या शब्दावर बोट ठेवीत. सिंहासनयंत्राचे तर नावच काढू नये. बाईंनी वारंवार अर्ज केला, आणि दरबारचे रीतिरिवाज सांभाळणारे विसाजीपंत मुजरेदार यांनी वारंवार तेच उत्तर दिले, की राजाचा श्वास घटकाभर थांबवून छाती झाडून काढतात काय. वर परवलीचा शब्द साऱ्या राज्यास एकच, श्रीमंतांच्या लाडक्या हत्तिणीचे नाव, कारण श्रीमंत कोणत्याही गडावर गेले तरी त्यांस तो आठवावा. बाईंनी तेही सांगून पाहिले होते. मग सांगणे सोडून दिले.

त्या भाद्रपदात बाईंचा जीव दुसरीकडे होता. त्यांचा धाकटा भाऊ बाळकोबा राजदवाखान्यात पडून होता, जखम चिघळून रक्तात विष भिनलेले, आणि उशाशी एक यंत्र त्याच्या नसेत औषध थेंब थेंब सोडीत होते. वैद्यराज त्रिंबकशास्त्री म्हणाले होते की थेंब चालला आहे तोवर आशा आहे, थेंब थांबला तर आम्ही काही बोलणार नाही.

ऐसियात किडा आला. याची जात निराळी. काही रोग चिठ्ठीत लपून येतात, कोणी लोभाने चिठ्ठी उघडावी तेव्हा जागे होतात. यास उघडणारा लागत नाही, वाहून नेणाराही लागत नाही. हा भोक शोधतो, शिरतो, आत बसून आपल्यासारखाच दुसरा करितो आणि त्यास जाळ्यावर सोडितो. सिंहासनयंत्राची भोके वर्षानुवर्षांची, बाहेरच्या मुलखाकडे तोंड केलेली. किडा तेथून आला, आणि सूर्योदयास गडोगडच्या यंत्रांनी मुजऱ्यास दरवाजे उघडले, आणि दरवाजा उघडला म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडला, आणि किडा पहिल्या गडावर गेला आणि तेथे त्याने हत्तिणीचे नाव लावून पाहिले आणि ते लागले, आणि त्याने आपल्यासारखा दुसरा केला आणि तो दुसऱ्या गडावर गेला आणि तेथे त्याने हत्तिणीचे नाव लावून पाहिले आणि ते लागले, आणि त्याने आपल्यासारखा दुसरा केला आणि तो तिसऱ्या गडावर गेला आणि तेथे त्याने हत्तिणीचे नाव लावून पाहिले आणि ते लागले, आणि त्याने आपल्यासारखा

[येथे मजकूर तुटला. तारांवर किड्यांचीच दाटी जाहली, दुसरे काही पुढे सरकेना.]

मग धान्यकोठाराचे यंत्र थांबले आणि कोठाराचे दार उघडेना. मग टपाल थांबले. मग घोड्यांच्या पागेचे थांबले, तेव्हा मात्र दरबारात हाहाकार जाहला. बाईंस वर्तमान कळले तो तिसरा प्रहर. त्या सकाळी वीज गेल्याने दवाखान्याचे यंत्र घटकाभर साठविलेल्या विजेवर थेंब तेवढा सोडीत राहिले होते आणि मुजरा चुकून गेला होता, तेवढ्यानेच ते वाचले होते. बाई कोणास न विचारता दवाखान्यात गेल्या आणि वैद्यराजांस म्हणाल्या की जाळ्याची तार काढा. वैद्यराज घाबरले, म्हणाले, तार काढली तर उद्याचाही मुजरा चुकेल, आमच्या दवाखान्यास बंडखोर म्हणतील. बाई म्हणाल्या, औषध सोडावयास तार लागत नाही, मुजऱ्यास मात्र लागते, आणि किडा मुजऱ्यावर बसून येतो. वैद्यराज तरी घुटमळत राहिले. मग बाईंनी पलंगाखाली वाकून आपल्या हाते तार उपसली. बाळकोबा ग्लानीत होता, त्याने एक डोळा उघडून विचारले, "आक्का, मेलो का मी?" बाई म्हणाल्या, "नाही. नीज." आणि थेंब चालत राहिला.

तेथून बाई गडोगड हिंडल्या. एका गडाचे यंत्र स्वच्छ करावे, खाली उतरावे, तो दुसरे दिवशी सूर्योदयास मुजरा व्हावा आणि किडा परत आत. दुसरा गड करावा, तेथेही तेच. गडकरी म्हणत, बाई, तुम्ही कालच केले होते ना, नीट केले नाही वाटते. बाई पाण्याची बाटली भरून घेत आणि पुन्हा चढत. त्यांच्या ध्यानी आले होते की किडा गडावर राहत नाही, किडा दरबारात राहतो, गडांवर नुसता येऊन जातो. तो विसाजीपंतांचा हुकूम दवाखान्यास पोचला, की उद्या सूर्योदयास तार जोडून मुजरा घालावा, न घालाल तर शिपाई येऊन जोडतील. वैद्यराजांनी तो हुकूम बाईंस दाखविला आणि मान खाली घातली.

तेव्हा बाई धुळीच्या पायांनी तशाच दरबारात गेल्या. दुपारची वेळ, श्रीमंत वाळ्याच्या पडद्याआड पेंगत बसलेले, विसाजीपंत बाजूस उभे. बाईंनी मुजरा करून अर्ज केला की सिंहासनयंत्र विझवून त्याची डागडुजी करावी, त्यावाचून राज्यातील एकही यंत्र वाचत नाही. विसाजीपंत हसले, म्हणाले, बाईंस भावाच्या काळजीने वेड लागले. श्रीमंत म्हणाले, यंत्र विझले तर आमचे काय होईल. विसाजीपंत म्हणाले, तेच, सरकार, तेच तर. आणि यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले की पाहा, कैसे जागे आहे, सारे राज्य रोज त्यास मुजरा घालिते.

बाईंस उभे राहवत नव्हते. त्यांनी खांबाचा आधार घेतला आणि म्हणाल्या, "सरकार, यंत्र जागे आहे, पण आत तुम्ही नाही. आत किडा आहे. रोज सकाळी सारे राज्य मुजरा घालिते, तो किड्यास."

श्रीमंतांची पेंग उतरली. त्यांनी यंत्राकडे पाहिले, मग विसाजीपंतांकडे, मग हळू आवाजात विचारले की किती दिवस. बाई म्हणाल्या, पागा थांबली त्याच्या आधीपासून. श्रीमंत म्हणाले, म्हणजे आमच्या घोड्यांनीही? बाई म्हणाल्या, घोड्यांच्या यंत्रानेही. मग श्रीमंत उठून उभे राहिले आणि म्हणाले, "विझवा."

आज्ञा जाहली, परंतु विझवावे कोणी. श्रीमंत म्हणाले, आमच्याने होणार नाही, वडिलांचे आहे. विसाजीपंतांनी जुनी रीत सांगितली की यंत्र विझविणारा हात राज्यात राहू नये, त्यास हद्दपार करावे, ही थोरल्या महाराजांचीच आज्ञा. ते ऐकून जे दोघे चौघे पुढे सरकले होते ते मागे सरकले. बाईंनी पदर खोचला, यंत्रापाशी गेल्या, कुंकवाच्या थराखाली कळ चाचपली आणि दाबून धरली. घरघर थांबली. इतक्या वर्षांत तो आवाज थांबला नव्हता, तेव्हा दरबारात इतकी शांतता जाहली की बाहेर कोणी भांडे घासत होते ते ऐकू आले. सर्वांनी श्रीमंतांकडे पाहिले. श्रीमंतांनी आपली नाडी धरली, बराच वेळ धरून राहिले, मग म्हणाले, "चहा सांगा कोणी."

मग बाईंच्या सांगण्यावरून साऱ्या गडांच्या तारा एकदम काढिल्या, कारण एक एक करून भागत नाही हे त्यांस पायांनी कळले होते. सिंहासनयंत्र धरून प्रत्येक यंत्र एकटे ठेवून स्वच्छ केले, डागडुजी बसवून पुन्हा सुरू केले, हत्तिणीचे नाव काढून प्रत्येकास निराळा आणि लांब परवलीचा शब्द दिला, आणि जे दप्तर किड्याने खाल्ले होते त्याच्या नकला बाईंनी तारेवाचून कोरड्या पेटीत ठेविल्या होत्या, त्यांवरून परत भरले. ज्या गडकऱ्यांनी नकला दिल्याच नव्हत्या त्यांचे गेले ते गेले, ते अजून बाईंस दोष देतात. मुजरा बंद जाहला, ज्या यंत्राचे ज्याशी काम तेवढ्यापुरतीच एक दिंडी, तिच्यावर पहारा, बाकी दरवाजे बंद. मग यंत्रे एक एक करून जाळ्यास जोडली. दवाखान्याचे जोडलेच नाही. थेंब चालूच होता, आणि बाळकोबाचा ताप उतरला, आणि त्याने दवाखान्याच्या भाताची निंदा सुरू केली, तेव्हा वैद्यराज म्हणाले की आता भय नाही.

रीत ती रीत, म्हणून म्हाळसाबाई हद्दपार जाहल्या. विसाजीपंतांनी हुकूम वाचताना आवाज चढविला, आणि बाईंनी तो खाली बसून ऐकिला, आणि भावास घेऊन सीमेपलीकडच्या पहिल्याच गावी एक खोली भाड्याने घेतली, आणि तेथे त्या झोपल्या. बहुत झोपल्या. गावकऱ्यांस वाटले, बाई आजारी आहेत.

तो कारागिरांची पुढची डागडुजी आली. यंत्र विझवावे लागणार, आणि विझविणारा हात हद्दपार होणार, आणि दरबारात प्रत्येकास घरदार, मुलेबाळे, शेतवाडी. विसाजीपंतांनी विचार केला आणि श्रीमंतांस अर्ज केला की जो आधीच हद्दपार आहे त्यास आणखी काय हद्दपार करणार. श्रीमंतांस ते पटले. पालखी निघाली, सीमेपलीकडे त्या खोलीच्या दाराशी उतरली, आणि भोयांनी दार वाजविले. बाई उठल्या, केस बांधले, चपला शोधू लागल्या. बाळकोबा खाटेवर बसून मोसंबे सोलीत होता.

"आक्का, पुन्हा हद्दपार व्हायला निघालीस?"

बाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत येते. पाणी भरून ठेव."

इतुके वर्तमान जाहले. किडा मेला नाही, तो बाहेरच्या मुलखी फिरतो आहे, आणि त्यास नवी भोके सापडतात, आणि कारागिरांस ती मागाहून सापडतात, आणि दर महिन्यास पालखी निघते, आणि म्हाळसाबाई दरबारात जाऊन यंत्र विझवितात, डागडुजी करून सुरू करितात, हद्दपारीचा हुकूम ऐकितात आणि घरी येतात. राज्य कुशल आहे. बाई थकल्या आहेत.