फक्कीचा फ्लॅट

रविवारी सकाळी प्रज्ञेश रामटेके बायकोला म्हणाले, "तू कशाला येतेस, मी सांगून येतो." तेवढं म्हणाले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. (पण असं न म्हणणारा नवरा अजून बिबवेवाडीत राहायला आलेला नाही.)

त्यांच्या कॉलनीचं रीडेव्हलपमेंट होणार होतं आणि आर्किटेक्ट तेजस नव्या विचारांचा होता. कागदावरचा नकाशा रहिवाशांना कळत नाही, मग घर बांधून झाल्यावर भांडणं होतात. म्हणून त्याने कॉलनीच्या मैदानात नवा फ्लॅट खऱ्या मापाचा, पांढऱ्या फक्कीने आखून ठेवला होता. लोकांनी त्यात हिंडावं, काय हवं-नको ते सांगावं, त्याप्रमाणे प्लॅन बदलायचा. आज बोलला नाहीत तर सोमवारी आहे तसाच मंजुरीला जाणार.

बायकोची, म्हणजे मैत्रीची, मागणी एकच होती. "स्वयंपाकघराला खिडकी. लग्न झाल्यापासून भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटतेय. बाकी तुमचं काय ते चालू द्या."

रामटेके मैदानात पोचले तर फक्कीच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. त्यांनीही चपला काढल्या आणि जवळच्या बाजूने आत पाऊल टाकलं.

"अहो रामटेके, भिंतीतून काय येताय?" आतून पद्मजाकाकू म्हणाल्या. "दार ठेवलंय ना तिकडे."

ते ओशाळून दारातून आले. गुडघे दुखतात म्हणून काकूंनी घरून खुर्ची आणून हॉलमध्ये मांडली होती. आता मैदानात खुर्ची टाकून बसलेली बाई म्हणजे कोणीच नव्हे. पण चार रेघांच्या आत बसली की ती घरमालकीण होते. येणारा प्रत्येक जण काकूंना नमस्कार करत होता आणि काकू "बसा" म्हणत होत्या. सतरंजी आली, समोरच्या टपरीवरून चहाही आला. रामटेके मांडी घालून बसले खरे, पण त्यांचा गोंधळ उडाला. खिडकीचं बोलायचं तर स्वयंपाकघर बघायला हवं, आणि परक्या बाईच्या घरात आल्या आल्या आत कसं शिरायचं?

तेवढ्यात तेजस आला. "बोला, काय बदल हवेत?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. ज्यांच्याकडे चहा प्यायचा त्यांच्याच घराला तोंडावर नावं कशी ठेवायची?

"छान आहे हो घर," कोणीतरी म्हणालं.

"हवेशीर आहे," शेजारचे योगेश म्हणाले. (मैदानच ते.)

"रामटेके काका, तुमचं?"

खिडकी अगदी ओठांवर आली होती. रामटेक्यांनी काकूंकडे पाहिलं. "उजेड भरपूर आहे," ते म्हणाले.

तेजसचा चेहरा पडला. "मग सर्वानुमते मंजूर लिहितो," तो म्हणाला.

एवढ्यात मैत्री आली, पदराला हात पुसत. "सांगितलंत?"

"अगं, विषय काढतच होतो."

तिने पुढचं ऐकलंच नाही. चपलांसकट भिंतीतून आत शिरली, स्वयंपाकघर गाठलं आणि पायाने फक्कीची हातभर रेघ पुसून टाकली.

"मैत्री, भिंत पाडलीस गं," काकू म्हणाल्या.

"खिडकी केली," मैत्री म्हणाली.

तेजस खूश झाला. मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. जो तो उठून पायाने रेघा पुसू लागला, काकूंनी खुर्चीवरूनच बाल्कनी वाढवली, आणि बघता बघता कुठली खोली कुठे संपते ते कळेनासं झालं.

"काका, तुम्ही इतका वेळ इथे होतात, स्वयंपाकघर बघितलंच नाहीत?" तेजसने विचारलं.

"त्यांना काय विचारताय?" मैत्री म्हणाली. "आमच्या घरातसुद्धा ते स्वयंपाकघरात फिरकत नाहीत."

चारचौघांत हे फार लागलं. रामटेके उठले, तरातरा आत गेले आणि पाय रोवून उभे राहिले. "हा इथे ओटा," ते ठणकावून म्हणाले. "नव्या घरात सकाळचा चहा इथे उभं राहून मी करणार."

"काका," तेजस हळूच म्हणाला, "तो संडास आहे."