आनंदरावांचा तांबेरा

केंदूरच्या आनंदरावांचा एक एकर स्वीट कॉर्न तोडणीला आला होता. शिक्रापूरचा व्यापारी विक्रम आठ वाजता टेम्पो घेऊन येणार होता. आणि साडेसहालाच आनंदरावांना रस्त्याकडच्या पानांवर तांबूस पूड दिसली.

"तांबेरा!" ते ओरडले. "कृषी सहायक सोनमताईंनी मीटिंगमधी सांगितला होता, त्योच. वाऱ्यानं पसरतोय."

"मग आधी त्यांनाच फोन करा," त्यांच्या पत्नी विठाबाई म्हणाल्या.

आनंदरावांनी फोन केला खरा, पण त्याआधी गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला : 'माझ्या मक्यावर रोग. कुणी फिरकू नये.' अर्ध्या तासात निम्मं गाव बांधावर हजर झालं. आठला विक्रमही आला, गर्दी बघून टेम्पोतूनच म्हणाला, "रोगाचा माल मार्केटला चालत न्हाई, दादा," आणि निघून गेला.

दोन दिवस कणीस झाडावर राहिलं, तर दाणा कडक होतो आणि गोडी जाते. शेजारचे शंकरराव मात्र रंगात आले होते. "आंद्या, मीटिंगला झोपला हुतास का जागा?"

तेवढ्यात सोनमताईंची स्कूटी आली. त्यांनी रुमाल ओला केला आणि पान पुसलं. पान लख्ख हिरवं!

"मामा, रस्त्याच्या कामाचा मुरूम उडालाय हा. तांबेऱ्याला पानाच्या दोन्ही अंगाला बारीक फोड येतात. पूड पुसली तरी फोड राहतात, बोटाला खरखरीत लागतात."

बांधावर हशा उसळला. शंकरराव तर खालीच बसले.

आनंदरावांनी विक्रमला फोन लावला. "आरं, धूळ हाय नुसती!"

"सकाळी रोग, आता धूळ. दुपारी काय?"

शेवटी फोन ताईंनी घेतला. "अहो, तांबेरा असता तरी तो पानावरचा रोग. कणीस भरलंय, खायला चांगलंच हाय. या तुम्ही."

विक्रम परत फिरला. पण गाव हसायचं थांबेना. तोंड लपवायला आनंदराव बांधाच्या कडेकडेनं पानं पुसत निघाले. पुसत पुसत ते शंकररावांच्या कोवळ्या, गुडघाभर मक्यात कधी शिरले, त्यांनाही कळलं नाही. एका पानापाशी ते थबकले. पुन्हा पुसलं.

"ताई, हे काय जाईना. खालूनबी खरखरतंय."

"आण हिकडं!" हसत हसत शंकररावांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि पान खसाखसा घासलं. टोपीवर विटकरी पट्टा उमटला. पानावरचे फोड जागच्या जागी होते.

कुणी हसलं नाही.

"हा खरा तांबेरा," सोनमताई म्हणाल्या. "नशीब, लवकर सापडला. मी लिहून देते ते औषध आजच फवारा, म्हंजी पीक हातचं जाणार न्हाई. आधी कुठवर पसरलाय ते बघू."

शंकरराव टोपीकडे बघत राहिले. वीस वर्षांच्या शेजारात त्यांनी आनंदरावांना 'आंद्या'खेरीज दुसरी हाक मारली नव्हती. ते घसा खाकरून म्हणाले,

"आनंदराव, बाकीच्या सऱ्याबी तुम्हीच बघा की. तुमचं बोट बसलंय आता."