अजगराचा घसा

मल्लेशम अण्णा नवे पुस्तक हातात घेतले की आधी अंगठा जिभेला लावतात आणि मुखपृष्ठावरच्या अजगराला खसाखसा चोळतात.

"रंग जातोय का बघतो."

आमच्या चौकातला पुस्तकवाला एकदा ओरडला, "अहो अण्णा, पुस्तक धुवायचं नसतं!"

"म्हणून तर कच्चा रंग खपतोय तुमचा," अण्णा म्हणाले.

अण्णांचे साखर पेठेत चादरींचे दुकान होते. ते आता भाचा बघतो आणि अण्णा अद्भुत कादंबऱ्या जमवतात. खरे तर एकच कादंबरी जमवतात. कुठल्याशा बर्फाळ मुलखातल्या, पंखवाल्या, आग ओकणाऱ्या अजगराची, मराठीत आणलेली. तिची जी आवृत्ती निघेल ती त्यांना हवी.

माझ्या घरात दुसरे माणूस राहिले नाही तेव्हापासून ते संध्याकाळी पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून पंच मी. दोन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या. अण्णा पानाचा कोपरा चिमटीत धरून चादरीसारखा चुरगाळणार, मग पान दिव्यासमोर धरणार.

"विरळ हाय. मागचा राक्षस राजकन्येच्या गालावर दिसतोय बघा."

"ही कापडी बांधणीची तर चांगली आहे की," मी म्हणतो.

"कापड बरं हाय. शाई फिकी. आन् सर, ह्यात बी गाळलंय."

सगळे इथे येऊन थांबते. अण्णांचे म्हणणे असे, की अजगर घाट चढतो आणि पुढे त्याचा घसा बसतो. आग निघेना. तेव्हा एक म्हातारी त्याला हुलग्याच्या पिठाचं कढत, पातळ माडगं पाजते. हा भाग एकाही आवृत्तीत नाही. प्रकाशकांनी कागद वाचवायला तो कापला, अशी त्यांची खात्री.

"बर्फाच्या मुलखात हुलगे कुठले, अण्णा?"

"ते लेखकाला इचारा. माझ्या जुन्या प्रतीत हाय. पद्मा वाचायची तवा मी कानानं ऐकलंय."

पद्माक्का म्हणजे त्यांची बायको. अण्णांच्या भाषेत, वाचणं तिचं खातं आणि कागद पारखणं ह्यांचं. दुकान बंद करून आले की त्या मोठ्याने वाचायच्या, अण्णा आडवे होऊन ऐकायचे. ती जुनी प्रत दुकानातल्या एका चादरीत गुंडाळलेली आहे, हे मला ठाऊक होते. ती प्रत अण्णा कुणाला दाखवत नसत. पद्माक्का गेल्यापासून त्यांनी स्वतःही उघडली नव्हती.

मागच्या आठवड्यात ते ती चादर घेऊनच आले.

"सर, प्रकाशकाला कडक पत्र लिवा. पुरावा आणलाय."

मी पुस्तक उघडले. अजगर घाट चढला. पान उलटले, तर तो पुन्हा घाटाच्या पायथ्याशी. बांधताना सोळा पानांचा एक जुडगा दोनदा घातला गेला होता आणि पुढचा राहूनच गेला होता. म्हातारी नव्हती. माडगं नव्हते. मी पुस्तक त्यांच्याकडे वळवले आणि पानांचे आकडे दाखवले.

अण्णा बराच वेळ त्या दोन सारख्या पानांवरून बोट फिरवत राहिले.

"म्हंजे तिनं मनानंच सांगितलं?"

"तसंच दिसतंय."

"फसवलं की बाईनं!" ते हसले. मग त्यांचे हसणे थांबले. "गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझा घसा बसायचा, सर. तवा ती मला माडगं करून द्यायची आन् वाचायला बसायची. आजारी माणसाला गोष्ट कशाला सांगती म्हणून मी चिडायचो."

मी पाणी आणून दिले. ते त्यांनी तसेच ठेवले.

"मला माडग्यापाशीच झोप लागायची. पुढं तो अजगर म्हातारीकडंच ऱ्हायला का उडून गेला, ते ऐकलंच न्हाई कधी. वाटलं, कुठल्या तरी आवृत्तीत घावंल."

मी पुस्तक मिटून त्यांच्यासमोर ठेवले.

अण्णांनी पुस्तक पुन्हा चादरीत गुंडाळले. "पत्र नका लिवू. त्यांची काय चूक?" दारापर्यंत गेले आणि वळले.

"उद्या हुलगे आणू का? तुमाला जमतं माडगं?"

"नाही हो. घरात बायकोच करायची."

"मला बी न्हाई," अण्णा म्हणाले, आणि चप्पल घालायची सोडून पुन्हा आत येऊन बसले.